तूं खंयच्या पक्षाचो?

गेल्या रविवारी ग्रामसभेत मी एक साधा प्रश्न विचारला. आमच्या वाड्यावर अकरा दिवस नळाला पाणी नाही, ते कधी येणार? पंच उठून उत्तर देणार तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "तूं खंयच्या पक्षाचो रे?" म्हणजे तू कुठल्या पक्षाचा? सभा हसली. मीही हसलो. घरी येऊन घागरी मोजल्या, तीन भरलेल्या, पाच रिकाम्या. तेव्हा कळलं, चूक माझीच. ज्याला पक्ष नाही त्याला तहान लागतेच कशी? तुमची अशी फजिती होऊ नये म्हणून, गोव्यात सुखाने राहायचं असेल तर हे अनुभवाचे बोल ऐका.

तोंड उघडण्याआधी सरकार कोणाचं ते बघा. आपलं असेल तर रस्त्यातला खड्डा म्हणजे विकासकाम चालू आहे. दुसऱ्यांचं असेल तर तोच खड्डा भ्रष्टाचार. खोली मोजत बसू नका.

आमदार बारशाला येतो, बाराव्याला येतो, चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून फोटो काढून घेतो. चाळीस मतदारसंघांचं राज्य, एकेकात सरासरी तीस हजारही मतदार नाहीत. तो तुम्हाला नावाने हाक मारतो. तुमच्या मुलीने कुठल्या खात्यात अर्ज केलाय तेही त्याला ठाऊक असतं. अशा घरच्या माणसाकडे हिशेब मागायचा?

माहिती अधिकाराचा अर्ज करू नका. भाचा अजून कायम व्हायचाय.

विधानसभेत प्रश्न विचारले जातील या भ्रमातही राहू नका. इतर राज्यांत सभागृहाच्या पंधरा टक्क्यांहून जास्त मंत्री करता येत नाहीत, पण आपल्यासारख्या छोट्यांना घटनेने बारापर्यंत मुभा दिली आहे. चाळिसातले बारा मंत्री. सत्ताधाऱ्यांतल्या उरलेल्यांचे डोळे महामंडळांकडे. विचारणार कोण?

निष्ठा मात्र सोडू नका. हे जरा अवघड आहे, कारण जिच्यावर निष्ठा ठेवायची ती वस्तू जागेवर राहत नाही. 2019 च्या जुलैत काँग्रेसचे 15 पैकी 10 आमदार भाजपात गेले. आमदारकी वाचवायला कायद्याला लागतात तेवढे बरोब्बर दोन तृतीयांश, एक कमी नाही की जास्त नाही. पक्षांतरबंदी कायद्याचं इतकं काटेकोर पालन आणखी कुठे दिसेल? पोळलेल्या पक्षाने 2022 च्या निवडणुकीआधी उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापुढे (क्रॉसपुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेलं, फुटणार नाही अशा शपथा घेतल्या. 11 निवडून आले. सप्टेंबरात 8 गेले. त्यांतले एक, माजी मुख्यमंत्री, म्हणाले की मी देवाला पुन्हा विचारलं आणि देवानेच मला बरं वाटेल ते कर म्हणून सांगितलं. देवाची एनओसी! आपल्याला साधी घरदुरुस्तीची मिळवायला पंचायतीच्या किती खेपा घालाव्या लागतात बघा.

आणि कार्यकर्ते? फेब्रुवारीत ज्याच्या विरुद्ध घसा फोडला, सप्टेंबरात त्याच्याच गळ्यात हार. कोणी विचारलं नाही की बाबा, माझं मत एका चिन्हावर घेतलंस आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकलंस, ते कोणाला विचारून? त्याने पक्ष बदलला तर 'मतदारसंघाच्या विकासासाठी'. मी पाणी मागितलं तर विरोधकांचा माणूस! कसला विकास? पाइप तोच, गंजलेला, चतकोर फुटलेला, वर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. तीही आम्हीच गुंडाळलेली.

मस्करी पुरे. त्या दिवशी हसणाऱ्यांत माझा शेजारी होता. त्याचाही नळ अकरा दिवस कोरडा. टँकरचे पैसे आम्ही दोघांनी अर्धे-अर्धे भरले होते. हसताना लाज कशी वाटली नाही रे? फोंड्यात 2022 चा निकाल 77 मतांनी लागला. सत्त्याहत्तर! आपल्या एका वाड्यावर याहून जास्त मतं आहेत, आणि आपण आमदाराच्या फोटोखाली 'भाऊ आगे बढो' लिहीत बसतो. पाण्याचं बिल काय पक्ष बघून येतं?

पुढच्या ग्रामसभेला या. येताना रिकामी घागर घेऊन या. मागून कोणी पक्ष विचारला तर ती त्याच्या हातात द्या आणि सांगा, जा, भरून आण.