कन्व्हर्टर काढण्याआधी इंजिन तपासा

"जास्त पळालेल्या बाइकचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदतोच, तो काढला की इंजिन मोकळं होतं" हे बाइकवरच्या एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतली जाळी, ती धुरातले विषारी वायू कमी करते. नुसत्या किलोमीटरमुळे कन्व्हर्टर सहसा चोंदत नाही. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजले की ऑइल जळून त्याची काजळी आत बसते, नाहीतर मिसफायरमुळे न जळलेलं पेट्रोल आत पेटून जाळी वितळते. कन्व्हर्टर काढला तरी ऑइल जळतच राहणार, वर कार्बन मोनॉक्साइड थेट मागून येणाऱ्याच्या नाकात!

सेकंडरी एअर व्हॉल्व्ह, म्हणजे धुरातलं उरलेलं पेट्रोल जळावं म्हणून एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी झडप, तिचंही तेच: काढण्याआधी तपासा. माझ्या जुन्या बाइकला थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज यायचा. मेकॅनिक सगळंच काढायला निघाला होता. मी आधी नळ्या बघायला लावल्या, तर या व्हॉल्व्हला जाणारी व्हॅक्यूमची रबरी नळी चिरलेली. ती बदलली आणि आवाज बंद झाला.