सुनीता विल्यम्स इंडियन नेव्हीत कधीच नव्हत्या

ग्रुपवर परत तो फॉरवर्ड फिरतोय, की सुनीता विल्यम्स इंडियन नेव्हीच्या ऑफिसर होत्या आणि अंतराळात गेलेल्या पहिल्या भारतीय वंशाच्या महिला. दोन्ही चुकीचं आहे हो. त्यांचा जन्म 1965 चा, अमेरिकेतल्या ओहायोमधला, वडील गुजरातमधल्या झुलासणचे आणि आई स्लोव्हेनियन वंशाची. 1987 ला त्या अमेरिकन नेव्हल अकॅडमीतून पास होऊन अमेरिकन नेव्हीत गेल्या, तिथे हेलिकॉप्टर पायलट झाल्या, 1992 ला अँड्र्यू चक्रीवादळानंतर मायामीच्या मदतकार्याला जी एच-46 हेलिकॉप्टरं पाठवली त्या तुकडीच्या प्रमुख ह्याच, आणि मग टेस्ट पायलटचं ट्रेनिंग. हा भाग खरंतर सगळ्यात भारी आहे आणि फॉरवर्डमध्ये नेमका तोच नाही! नासाने निवड केली 1998 ला, पहिलं उड्डाण डिसेंबर 2006 चं, डिस्कव्हरी यानातून.

त्याच्या नऊ वर्षं आधी, 1997 ला, कर्नालच्या कल्पना चावला अंतराळात जाऊन आल्या होत्या. तो मान त्यांचाच, आणि त्या इंजिनिअर होत्या, नेव्हीतल्या नाही. प्लीज, पुढे पाठवायच्या आधी एवढं दुरुस्त करा.