पेंटमधला गड्डा

परवा रात्री साडेबाराला माझा सिद्धेश्वर तलाव फुटला. खरा नाही, एमएस पेंटमधला, म्हणजे विंडोजबरोबर येणाऱ्या चित्र काढायच्या प्रोग्रॅममधला. बादलीचं टूल घेतलं, निळा रंग निवडला, तलावाच्या मधोमध क्लिक केलं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत तलाव, देवळाचं शिखर, आभाळ, काठ्या धरणारी माणसं, सगळं निळंशार. अख्खं सोलापूर पाण्याखाली. ज्या गावात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं तिथं हा महापूर मी एकट्यानं आणला, आणि तोसुद्धा चुकून.

ह्या बादलीचं डोकं लय साधं असतं. जिथं क्लिक केलं त्या रंगाला लागून तोच रंग जिथवर सापडेल तिथवर ओतत सुटायचं, दुसऱ्या रंगाची रेघ आडवी आली तरच थांबायचं. मी पेन्सिलनं तलावाचा काठ काढला होता खरा, पण जिथून सुरुवात केली आणि जिथं येऊन थांबलो ती दोन टोकं एकमेकाला भेटलीच नव्हती, मधी एका पिक्सेलची, म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढी फट. मग भिंग घेतलं, आठपट झूम केलं आणि तलावाला प्रदक्षिणा घालत बसलो. फट सापडली ती अगदी शेवटी, जिथून निघालो होतो त्याच्या डाव्या हाताला.

हे सगळे उद्योग कशासाठी, तर संक्रांतीसाठी. तेव्हा आमच्याकडं सिद्धेश्वराची यात्रा असते, तिलाच आम्ही गड्डा म्हणतो, आणि तिच्यात नंदीध्वज म्हणजे उंच काठ्या मिरवतात. दरवर्षी आमच्या घरच्या ग्रुपवर तेच चमकणारं, लुकलुकणारं तिळगूळ घ्या गोड गोड बोला येतं, पहिलं पुण्यातला मामेभाऊ टाकतो आणि मग तेच चौदा जण परत टाकतात. दिवाळीत फराळ करता करता मी बोलून गेलो, यंदा मी स्वतः बनवणार, आपल्या गड्ड्याचं, नंदीध्वज झुलताना, सात काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, मागं शोभेचं दारूकाम. बायको चकली मोडत म्हणाली, तुम्हाला साधी सरळ रेघ येत नाही. मी म्हटलं, शिफ्ट दाबून धरलं की येते. हे खरंय, पेंटमध्ये शिफ्ट दाबून रेघ ओढली की ती सरळच येते, पण चारचौघात असलं बोलून दाखवू नये हे मला जानेवारीत कळलं.

आता पेंटच का. तर आधी मोबाईलवर दोन-तीन चकाचक ॲप घेऊन बघितली. एकानं लॉगिन मागितलं, दुसऱ्यानं महिन्याचे पैसे, तिसऱ्यानं माझ्या काठीवर स्वतःचं नाव छापलं. पेंट काही विचारत नाही बिचारं. उघडलं की पांढरा कागद, काय करायचं ते कर. १९८५ साली पहिल्या विंडोजबरोबर आलं तेव्हापासून ते असंच बसलंय, २०१७ मध्ये कंपनीनं हे आता बाजूला ठेवणार म्हणून सांगितलं तर जगभरातून लोकांनी एवढा गलका केला की त्यांना माघार घ्यावी लागली. नव्या विंडोजमधल्या पेंटला म्हणे २०२३ पासून लेयरबियर पण आलेत. माझ्याकडचा कॉम्प्युटर मात्र ऑफिसनं भंगारात काढताना मी उचलून आणलेला, त्याच्यात विंडोज एक्सपी, आणि त्या पेंटमध्ये अनडू, म्हणजे चूक मागं घ्यायची सोय, किती वेळा, तर तीन. विंडोज सेव्हनवाल्यांना पन्नास मिळाले, आम्हाला तीन. चूक झाल्यावर लगेच कळणाऱ्या माणसाला तीन पुरत असतील, मला चूक कळते चौथ्या क्लिकला.

सुरुवातीचे चार दिवस तर जेपीजीनं खाल्ले. चित्र छान काढायचं, जेपीजी म्हणून सेव्ह करायचं, दुसऱ्या दिवशी उघडून बाराबंदीला रंग भरायला जावं तर कडेनं सगळीकडं खरूज उठल्यासारखे ठिपके. मला वाटलं मॉनिटर गेला. नंतर कळलं की जेपीजी फाईल लहान करायला काठाजवळचे रंग जरा जरा बदलून टाकतं, आपल्या डोळ्याला पांढरं दिसतं पण बादलीला ते पांढरं वाटत नाही, मग ती तेवढे ठिपके सोडून बाकी भरते. पीएनजी नाहीतर साधा बिटमॅप ठेवला की प्रश्न मिटतो. हे कळेपर्यंत माझे नंदीध्वज देवी आल्यासारखे दिसत होते.

खरी गंमत पुढं. पेंटला ॲनिमेशन हा प्रकारच माहीत नाही. एक चित्र काढा, सेव्ह करा, जरा हलवा, दुसऱ्या नावानं सेव्ह करा, परत जरा हलवा. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं पळतात, कार्टूनवाले बऱ्याचदा एकच चित्र दोनदा दाखवून बारावर भागवतात. मी म्हटलं आपण पण बारा, दोन सेकंदांची चोवीस. चोवीस चित्रं गुणिले सात काठ्या, हा गुणाकार फराळाच्या वेळी केला असता तर तोंड बंद ठेवलं असतं.

त्यात सिलेक्ट करून माणूस सरकवला की त्याच्याभोवतीचा पांढरा चौकोन पण त्याच्याबरोबर सरकतो आणि शेजारच्या माणसाचं अर्धं तोंड पुसून टाकतो. टूलबॉक्सच्या खाली दोन बारकी चित्रं असतात, त्यातलं खालचं दाबलं की पांढरा भाग आरपार होतो, हे कळलं तेव्हा नऊ फ्रेम झाल्या होत्या आणि शेजारीपाजारी उभे असलेले सगळे भक्त एका कानाचे होते. शिवाय बाराबंदी पांढरीच! आरपार केलं की बाराबंदी पण आरपार, आणि तिच्यातून मागचा तलाव दिसतोय. शेवटी सगळ्यांना फिकट राखाडी कपडे घातले. देवा माफ कर.

आणि ऐन रंगात आलं की पाणी येतं. आमच्या बोळात पाणी आल्याचं कुणाला सांगावं लागत नाही, बादल्यांचा आवाज होतो. बायको आतून ओरडली, पाणी आलंय, उठा! आणि मी सेव्ह दाबायच्या आत तिनं मोटर लावली. आमच्याकडं मोटर लावली की ट्यूब मिणमिणते, फ्रिज कण्हतो आणि तो भंगारातला कॉम्प्युटर सरळ मान टाकतो. पेंट आपणहून काही सेव्ह करत नाही. सतरावी फ्रेम गेली. टाकी मात्र भरली, त्यामुळं मला चिडायची पण सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेजारचे मास्तर आले. मास्तर म्हणजे शाळेतले नाहीत, चादरीच्या कारखान्यात आयुष्यभर नक्षी काढलेले. मी आठपट झूममध्ये एकेक चौकोन रंगवतोय हे बघून ते खुर्ची ओढून बसले.

"काय करालास बे?"

"ॲनिमेशन, मास्तर."

"हे तर आमचंच काम की."

मग त्यांनी सांगितलं, ग्राफ पेपरवर मोर काढायचा, एक घर म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एक गाठभेट. घर भरलेलं असलं तर धागा वर, रिकामं असलं तर खाली. त्याप्रमाणं पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे ओवून मागावर चढवायचे आणि माग ती भोकं वाचत चादर विणणार. ही जकार्डची युक्ती फ्रान्समधली, १८०४ ची. मी इकडं पिक्सेल पिक्सेल करत स्वतःला मॉडर्न समजत होतो.

"चुकलं तर किती वेळा मागं येता येतं म्हणालास?"

"तीनदा."

"मजा आहे तुझी. आमचं एक घर चुकलं की हजार चादरींच्या मोराला शेपटीत भोक."

चोवीस फ्रेम अखेर झाल्या. मोबाईलवर एका ॲपमध्ये घालून जोडल्या, घरच्यांना बोलावलं, प्ले दाबलं. काठ्या जरा झुकल्या, एकदम आडव्या झाल्या, परत उभ्या, परत घेरी आल्यागत कोसळल्या. पोरगं हसून हसून गादीवर लोळलं. ॲपनं फाईली नावाप्रमाणं लावल्या होत्या, १ नंतर १०, मग ११, मग १२, आणि २ पार १९ च्या मागं. सगळ्यांना ०१, ०२ अशी नावं देत बसलो.

दुरुस्त केलेलं वडिलांना दाखवलं. ते दरवर्षी काठ्यांबरोबर अनवाणी चालणारे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी चार वेळा बघितलं. माझी माणसं खाली खांबासारखी उभी आणि वर काठ्या माडासारख्या डुलत होत्या.

"काठी कुठं हलती बे," ते म्हणाले. "काठी उभीच असती. शेंडा जरा कलला की खालचा माणूस पळतो तिकडं. हलतात ती माणसं."

तीन आठवडे मी नेमकं जे हलत नाही तेच हलवत होतो.

रात्री परत बसलो. काठ्या सात, ताठ, एकदाच काढल्या. माणसांचे फक्त पाय बदलले, डावा पुढं, उजवा पुढं, जरा वाकलेला गुडघा, जरा सरकलेली कंबर. चोवीस कशाला, चार फ्रेममध्ये काम झालं, पाऊण तासात. आणि खरं सांगतो, असं वाटायला लागलं की काठ्यांना खरंच वजन आहे. दारूकाम स्प्रेच्या टूलनं उडवलं, त्याला काही अक्कल लागत नाही.

भोगीच्या रात्री ग्रुपवर टाकलं. मामेभावानं अंगठा दाखवला आणि लगेच खाली ते लुकलुकणारं तिळगूळ टाकलं. मावशीनं विचारलं, ही माणसं क्रिकेट खेळतायत का. बायकोनं मात्र न बोलता स्टेटसला लावलं, ते मी दोनदा उघडून बघितलं.

सकाळी तिळगूळ द्यायला मास्तरांकडं गेलो. मोबाईल डोळ्याजवळ नेऊन, परत लांब धरून त्यांनी बराच वेळ बघितलं. मी वाट बघत उभा.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "उजवीकडून तिसऱ्याच्या टाचेत एक घर सुटलंय."