गार्डन करा, पण आधी मातीचा रिपोर्ट दाखवा

बंद पडलेल्या कंपनीच्या जागेवर गार्डन होणार म्हटलं की आमच्या ठाण्यात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतात. पोखरण रोड घ्या, कोलशेत घ्या, जिथे पाळीचे भोंगे वाजायचे तिथे आता टॉवर आहेत आणि टॉवरच्या पायथ्याशी आरजीचा, म्हणजे रहिवाशांसाठी राखलेल्या मोकळ्या जागेचा (रिक्रिएशन ग्राउंड) एक तुकडा. पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, घसरगुंडी, नावाची पाटी. मोकळी जागा मिळतेय याचा मलाही आनंदच आहे. पण खाली काय गाडलंय हे न विचारता फीत कापायला माझा विरोध आहे, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तसं बोलून मी वाईटपणाही घेतलाय.

मीटिंगमध्ये बिल्डरच्या माणसाने लगेच फाइल पुढे केली. "सॉइल टेस्टिंग झालंय, साहेब." उघडून बघितलं तर जमीन किती भार पेलेल, मुरूम किती फुटांवर, खडक किती फुटांवर. इमारत खचणार नाही एवढंच तो रिपोर्ट सांगतो. शिसं, पारा, क्रोमियम, डांबरातली विषारी रसायनं, यांतल्या एकाचीही त्यात ओळ नाही. दोन्ही तपासण्या वेगळ्या, लॅब वेगळ्या, खर्चही वेगळा. आपण 'टेस्टिंग झालंय' ऐकलं की मान डोलावून चहाकडे वळतो.

आता कोणी म्हणेल, वरून दोन फूट लाल माती टाकली की झालं. कधीकधी खरंच होतं. तेल, डांबर यांतला काही भाग मातीतले जिवाणू हळूहळू खातात. शिसं, पारा असले जड धातू मात्र कोणी खात नाही. ते उचलून न्यावे लागतात, मातीतच बांधून टाकावे लागतात, नाहीतर झाकून कायम पहारा ठेवावा लागतो. काही सॉल्व्हंट, म्हणजे कारखान्यात ग्रीस-रंग विरघळवायला वापरतात ते द्रव, तर पाण्यापेक्षा जड, ते झिरपत थेट भूजलात उतरतात. म्हणजे वर हिरवळ आणि शेजारच्या बोअरवेलला विष, हे एकाच वेळी चालू राहू शकतं.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचं गॅस वर्क्स पार्क मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. लेक युनियनच्या काठावर 1906 पासून कोळशापासून आणि पुढे तेलापासून गॅस बनवणारा कारखाना होता. 1956 ला बंद पडला. जमीन डांबराने माखलेली. रिचर्ड हाग या लँडस्केप आर्किटेक्टने दोन हट्ट धरले. एक, गंजलेले मनोरे पाडायचे नाहीत. दुसरा, सगळी माती ट्रकने दुसऱ्याच्या गावाला पाठवायची नाही, तिथेच सुधारायची. सांडपाण्याचा गाळ, लाकडाचा भुसा असलं काय काय मातीत कालवून त्याने जिवाणूंना कामाला लावलं. राडारोड्याची टेकडी केली, वर चांगली माती चढवली. 1975 मध्ये पार्क खुलं झालं आणि टेकडीवर लोक पतंग उडवायला लागले.

सेल्फीवाले इथेच थांबतात. पुढचं ऐका. 1984 मध्ये तपासणीत मातीत घातक रसायनं सापडली आणि पार्क काही महिने चक्क बंद ठेवावं लागलं. पुन्हा मातीचे थर टाकले, पुढे भूजलावरही उपाय करावे लागले. तळ्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचा प्रश्न अजून आहेच, तिथे पाण्यात उतरायला मनाई आहे. म्हणजे पार्क फसलं का? मुळीच नाही. लोक आजही तिथे जातात. पण अशी जागा एकदा साफ करून विसरता येत नाही, तपासणी पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते. आपल्याकडे गार्डनच्या नळाची तोटी गेली तर ती बदलायला वर्ष जातं, म्हणून मला जास्त धास्ती वाटते.

जर्मनीत डुइसबुर्गला बंद लोखंड कारखान्याचं पार्क झालंय. तिथे जे भाग फार दूषित होते ते सरळ बंद ठेवले, बाकीचे लोकांना दिले. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पूर्ण साफ झालं असा आव न आणता, इथे या, तिथे जाऊ नका, असं सांगणं.

साफ म्हणजे किती साफ, हा खरा वादाचा मुद्दा. आपल्या देशात तो कोडाईकनालला दिसला. थर्मामीटरच्या कारखान्यातला पारा लागलेला काचेचा भंगार माल गावातल्या भंगारवाल्याकडे सापडला आणि 2001 मध्ये कारखाना बंद झाला. मातीत किलोमागे 20 मिलिग्रॅम पारा राहिला तरी चालेल असं ठरलं. स्थानिक कार्यकर्ते म्हणाले, चालणार नाही, खाली शोलाचं, म्हणजे डोंगरातलं सदाहरित जंगल आहे, पाणी पुढे उतरतं, निकष कडक हवा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं की जास्त माती उकरली तर झाडं जातील, उतार धुपेल. त्यातही तथ्य आहे, नाकारत नाही. पण तो आकडा ठरवताना तिथे राहणाऱ्यांचं वजन किती आणि घाण करणाऱ्याच्या खर्चाचं वजन किती? गोदामाला चालणारी माती घसरगुंडीखाली चालत नाही. तीन वर्षांचं पोर माती तोंडात घालतं. निकष त्या पोराच्या हिशेबाने ठरायला हवा.

मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते आठवतंय ना? 1991 चा नियम: एक तृतीयांश मोकळी जागा, एक तृतीयांश म्हाडा, एक तृतीयांश मालकाला. 2001 मध्ये बदल करून हे वाटप फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरतं उरलं, आणि 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल मान्य केला. लढणाऱ्यांनी क्षेत्रफळासाठी जिवाचं रान केलं, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण रंगखात्याखालची, बॉयलरच्या राखेखालची माती तपासा, असं त्या सगळ्या भांडणात माझ्या तरी वाचनात आलं नाही. चौरस मीटरच हातातून निसटत असताना मातीचा दर्जा विचारायला फुरसत कोणाला होती म्हणा.

जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढलेत. संशयित जागा जिल्हा प्रशासनाने कळवायच्या, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, जबाबदार कोण ते शोधून खर्च त्याच्याकडून घ्यायचा. छान आहे. फक्त दूषित ठरलेली जागा अमुक तारखेच्या आत साफ झालीच पाहिजे, अशी मुदत त्यात नाही. आणि जबाबदार कंपनी तोवर जमीन विकून मोकळी झालेली असते! अमेरिकेत नायगारा फॉल्सजवळच्या लव्ह कॅनॉलमध्ये 1953 साली रासायनिक कचरा पुरलेली जमीन कंपनीने शाळा मंडळाला एका डॉलरला देऊन टाकली होती. तिथे शाळा झाली, घरं झाली, आणि 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावं लागलं. त्यानंतर 1980 मध्ये तिकडे सुपरफंडचा, म्हणजे दूषित जागा साफ करून खर्च घाण करणाऱ्याकडून वसूल करण्याचा कायदा आला. आपल्याकडे जमीन एका रुपयाला जात नाही, कोटींना जाते. मग त्याच व्यवहारात सफाईचे पैसे आधी बाजूला काढून घ्यायला अडचण कुठे आहे?

माझी मागणी साधी आहे. आरजी प्लॉट ताब्यात घेण्याआधी पालिकेने तिथल्या माती-पाण्याची रसायनांसाठी तपासणी स्वतःच्या देखरेखीखाली करून घ्यावी. तो रिपोर्ट मराठीत गेटवर लावावा, जिथे उद्घाटनाचा फलक लागतो तिथेच. आणि दर काही वर्षांनी पुन्हा तपासणी, तिचा खर्च जमीन विकताना घेतलेल्या ठेवीतून.

"फ्लॅटचे भाव पडतील, गप्प बसा," असं मला आमच्याच ग्रुपवर सांगून झालंय. तरी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय: कंपनी बंद होताना प्रदूषण नियंत्रण मंडळाने जागेची पाहणी केली होती का, कोणता कचरा कुठे गेला, आणि आरजी प्लॉटचे नमुने कोणी घेतले. मसुदा तयार आहे, कंपनीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या कुठल्याही कॉम्प्लेक्सला चालेल. हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, पाठवतो.