तालिथा कुम हा व्हॅटिकनचा सरकारी विभाग नव्हे

मानवी तस्करीविरुद्ध एकत्र आलेल्या कॅथलिक सिस्टरांच्या ‘तालिथा कुम’ या जाळ्याबद्दल एक संदेश फिरतो आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये हा व्हॅटिकनचा विभाग काढला आणि संयुक्त राष्ट्रांत सिस्टर व्हॅटिकनच्याच वतीने बोलतात, असं त्यात म्हटलंय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

हे जाळं २००९ मध्ये उभं राहिलं. फ्रान्सिस पोप झाले २०१३ मध्ये. ते उभारलं स्त्री-धर्मसंघांच्या प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, म्हणजे सिस्टरांनी स्वतः. त्यांच्या श्रमाचं श्रेय परस्पर दुसऱ्याच्या नावावर जावं, हे मला खटकतं.

२०१५ चा घोळ बहुधा ८ फेब्रुवारीमुळे झाला असावा. तस्करीविरोधी प्रार्थनेचा जागतिक दिवस त्या वर्षी सुरू झाला. ही तारीख संत जोसेफिन बखिता यांच्या स्मृतिदिनाची. सुदानमध्ये लहानपणी त्यांना पळवून नेलं, पुन्हा पुन्हा विकलं. पुढे इटलीत मालकीण त्यांना परत न्यायला आली, तेव्हा त्यांनी जायला ठाम नकार दिला. १८८९ मध्ये व्हेनिसच्या न्यायालयानं त्या गुलाम नाहीत असा निकाल दिला. नंतर त्या कनोसियन या धर्मसंघात सिस्टर झाल्या.

राहिला संयुक्त राष्ट्रांचा मुद्दा. तिथे व्हॅटिकनच्या ‘होली सी’चं, म्हणजे पोपच्या धर्मपीठाचं, निरीक्षक मंडळ वेगळं आहे. सिस्टरांच्या ‘युनानिमा इंटरनॅशनल’सारख्या संघटनांना स्वयंसेवी संस्था म्हणून सल्लागार दर्जा आहे. त्या लेखी निवेदनं देतात, बैठकांत बाजू मांडतात. मताधिकार मात्र त्यांना नाही.