पोरं मधेच कॉलेज सोडतात, गळती गळती म्हणता, पण ती कोणत्या बसने येतात ते विचारलं का कोणी?

आज सकाळी परत तेच झालं. साडेसातचं लेक्चर, वर्गात नऊ पोरं, नऊच्या नऊ गावातलीच. सव्वाआठला चार पोरी दारात येऊन उभ्या, धापा टाकतायत, "मॅडम, बस उनीच नही", म्हणजे आलीच नाही. त्यांची पहिल्या तासाची हजेरी गेलेली. अशी रोज जाते आणि मग सेमिस्टर संपताना 75 टक्के भरत नाही म्हणून त्याच पोरींच्या बापाला कॉलेजात बोलावतात.

मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या मानधनावर शिकवते, आठ वर्षं झाली. आमच्याकडे होस्टेलची पोरं मोजकीच, बाकी सगळी अपडाऊनवाली. कोणी एसटीने, कोणी सुरत-भुसावळ लाईनच्या गाडीने, कोणी काळीपिवळीत कोंबून. एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला भरलेला वर्ग टीवायला, तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत निम्मा पण राहत नाही, हे मी दरवर्षी डोळ्यांनी बघते. मागच्या महिन्यात आमच्याकडे यावर मीटिंग झाली आणि निष्कर्ष काय निघाला, तर पोरांना शिक्षणाचं गांभीर्य राहिलं नाही. मला हे ऐकून खरंच वाईट वाटलं, कारण त्या खोलीत जे बसले होते त्यातल्या फार थोड्यांनी एफवायचा सकाळचा वर्ग घेतलाय.

पोरं का सुटतात ते आम्हाला माहितीय हो. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे ती. एफवायला आली की पास विकत. सवलतीत मिळतो, मान्य, पण घरात पहिल्यांदा प्रश्न येतो की हिच्या पासला पैसे घालायचे का, आणि असा प्रश्न एकदा आला ना की तो दर महिन्याला येतो. मग दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी, मजूर मिळत नाही, घरची पोरगी शेतात, आणि आमच्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत. उन्हाळ्यात दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा, जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर, त्यात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे लग्नं. जूनमध्ये विचारलं तर कळतं, तिचं लग्न झालं.

आता त्यात नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं टाइमटेबल. आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांना 2024-25 पासून लागू झालं. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेचा आवडीचा विषय, स्किलचे पेपर, सगळ्यांचे तास वेगवेगळ्या वेळी, म्हणजे पोराला साडेसातला एक लेक्चर आणि मग थेट साडेअकराला दुसरं. मधले तास पोरगी बसणार कुठे, लेडीज रूमला दोन बाकं. दुपारची बस सुटली तर पुढची संध्याकाळीच, मग ती साडेअकराचं लेक्चर सोडते. मी तिला दोष देऊ शकत नाही. आणि एक वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट मिळतंच ना, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. ती सोय परत येणाऱ्यासाठी आहे. आमच्याकडची जी जाते ती परत येताना मी तरी पाहिली नाही.

खरं दुखणं पुढे आहे. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात प्रत्येक कॉलेजला विकास समिती सांगितलीय, कलम 97. वर्षातून किमान चार बैठका. त्यात शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक, विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी, शिक्षकेतर कर्मचारी पण असतो, म्हणजे संस्थाचालक आणि प्राचार्य सोडून इतरांनाही बोलायची जागा कायद्यानेच दिलेली आहे. पण निवडून द्यायचं ते पूर्णवेळ शिक्षकांनी. आम्ही तासिकावाले त्यात कुठेच नाही. कित्येक वर्षं भरती नीट झाली नाही, निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या, एफवाय-एसवायचे बरेच वर्ग आमच्यासारख्यांवर चालतात. कोणती पोरगी दोन आठवडे दिसली नाही हे पहिलं आम्हाला कळतं, आणि जिथे ठरतं तिथे आम्हाला खुर्ची पण नाही. वर आमची नेमणूक एका वर्षापुरती, पुढच्या वर्षी आपणच असू का माहिती नाही, मग बोलणार कोण?

तर जे निवडून गेलेत त्या सर-मॅडमना हात जोडून विनंती. पुढच्या बैठकीत हा विषय अजेंड्यावर लेखी घ्या आणि मिनिट्समध्ये येऊ द्या. टाइमटेबल लावायच्या आधी डेपोतून बसच्या वेळा आणा, एकाच पोराचे तास सलग बसवा, पहिलं लेक्चर साडेआठला करा. प्रवेश अर्जात गाव असतंच, त्याखाली "कोणत्या बसने येणार" एवढा एक रकाना वाढवा. आणि तासिकावाल्यांपैकी दोघांना निदान निमंत्रित म्हणून बोलवा, मतदानाचा हक्क नको, ऐकून तरी घ्या.

मी माझ्या वर्गाची गाववार यादी केलीय, कोणत्या गावाची कोणती बस, स्टँडला किती वाजता लागते, आणि ऑगस्टनंतर कोण कोण यायचं थांबलं. वहीची चार पानं झाली. आपल्या भागातल्या दुसऱ्या कॉलेजच्या कोणाला अशी यादी करायची असेल तर मेसेज करा, मी फोटो पाठवते.