हे पुस्तक सध्या दुसऱ्या वाचकाकडे आहे

ई-पुस्तकही ‘बाहेर गेलेलं’ असू शकतं हे कळल्यापासून मी प्रगतीबद्दल जरा जपून बोलतो.

झालं असं की विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तालिकेत मला हवं असलेलं पुस्तक सापडलं आणि समोर हिरव्या अक्षरांत ‘ऑनलाइन उपलब्ध’. म्हणजे जिना नको, कपाट नको, वरच्या फळीसाठी स्टूल नको. फक्त लॉगिन. लॉगिनला पासवर्ड, पासवर्डला ओटीपी, ओटीपीला रेंज आणि रेंजसाठी गच्ची. खाली येईपर्यंत लॉगिनची मुदत संपलेली. मग मी यंत्र नसल्याचा पुरावा म्हणून चौकोनांतले ट्रॅफिक सिग्नल ओळखायचे. खांब सिग्नलमध्ये धरायचा की नाही, हा प्रश्न माझ्या संशोधनाच्या विषयापेक्षा अवघड निघाला. अखेर मुखपृष्ठ उगवलं आणि त्याखाली ओळ: ‘हे पुस्तक सध्या दुसऱ्या वाचकाकडे आहे. कृपया नंतर प्रयत्न करा.’

ग्रंथपाल मॅडमना फोन लावला.

“मॅडम, फाइल बाहेर कशी जाते?”

“सिंगल यूजर आहे सर. एका वेळी एकच जण.”

“मग दुसरं लायसन्स घेऊन टाका की.”

मॅडम हसल्या. त्या हसण्यात ग्रंथालयाचं अख्खं अंदाजपत्रक मावलं होतं.

मला गंमत याची वाटते की छापील पुस्तकाच्या बहुतेक अडचणी संगणकात आल्या आल्या आपोआप नाहीशा झाल्या होत्या. मग जाणत्या माणसांनी एकत्र बसून, करार करकरून त्या एकेक परत आणल्या. एक प्रत एकालाच? इथेही तसंच. परतीची तारीख? आहे, आणि ती चुकवायची सोयही नाही; मुदत संपली की पुस्तक आपलं आपण निघून जातं, तुमचं वाक्य अर्धं असलं तरी. छापील पुस्तक झिजतं, एवढी एकच उणीव राहिली होती. तीही 2011 मध्ये हार्परकॉलिन्सने भरून काढली. ग्रंथालयातलं त्यांचं ई-पुस्तक 26 वेळा दिलं गेलं की परवाना संपला, पुढे हवं तर नवा घ्या. छापील प्रत वापराने कधीतरी खिळखिळी होतेच, असा युक्तिवाद. जे झिजत नाही त्याला झिजायला शिकवलं! आणि छापील पुस्तकाचं सुटलेलं पान सत्ताविसावा वाचक डिंकाने चिकटवू तरी शकतो.

भांडायला समोर माणूस, ही सोय मात्र कुणी परत आणली नाही. चॅटबॉट पहिल्याच वाक्यात ‘तुमची अडचण आम्ही समजू शकतो’ म्हणून भांडणातली हवाच काढून घेतो.

नियतकालिकांचं तर विचारूच नका. पूर्वी वर्गणी थांबवली की नवे अंक यायचे थांबत. जुने अंक जाड बांधणीत, धूळ खात का होईना, कपाटात राहत. आता करारातलं बारीक कलम नजरेतून सुटलं तर वर्गणीबरोबर मागची वर्षंही जातात. घर भाड्याचं असतं हे आपण समजून घेतो; संदर्भही भाड्याचे असतील तर तळटीप कुणाच्या भरवशावर लिहायची?

यावर उपाय निघालेत, आणि त्यातला एक मला फार आवडतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात 1999 च्या सुमारास ‘लॉक्स’ नावाची व्यवस्था सुरू झाली. प्रती पुष्कळ असल्या की ठेवा सुरक्षित राहतो, हे तिचं तत्त्व. निरनिराळ्या ग्रंथालयांतले संगणक एकाच लेखाच्या आपापल्या प्रती सांभाळतात, अधूनमधून ताडून पाहतात, मतदान घेतात आणि एखाद्याची प्रत बिघडलेली निघाली तर ती दुरुस्त करतात. मी बऱ्याच समित्यांवर बसलोय. बहुमताने काही दुरुस्त होतं हे पहिल्यांदाच ऐकलं.

पुस्तकांना जागा पुरणार नाही ही भीती काही आजची नाही. फ्रीमाँट रायडर या अमेरिकन ग्रंथपालाने 1944 मध्ये हिशेब मांडला की संशोधन ग्रंथालयं दर 16 वर्षांनी दुप्पट होतात. त्या वेगाने 2040 साली येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुमारे 20 कोटी ग्रंथ होतील, त्यांना 6,000 मैलांहून जास्त फळ्या लागतील आणि नुसत्या तालिकापत्रांच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदीच्या कार्डांच्या, खणांनाच 8 एकर. तालिकापत्रंच गेली, त्यामुळे ते 8 एकर तरी वाचले. रायडरचा उपायही झकास होता: अख्खं पुस्तक सूक्ष्म अक्षरांत तालिकापत्राच्याच पाठीवर छापायचं. वाचायला यंत्र लागलं असतं, पण ओटीपी लागला नसता.

शिकागो विद्यापीठाने मात्र 2011 मध्ये पुस्तकं सरळ जमिनीखाली नेली. त्यांच्या मॅन्सुएटो ग्रंथालयात 35 लाख ग्रंथांची सोय आहे, आणि मागणी नोंदवली की काही मिनिटांत क्रेन पेटी काढून देते. पुस्तकं विषयवार नाहीत. शाळेच्या कवायतीसारखी आकाराप्रमाणे उभी. जागा वाचते हे कबूल, पण शेजार गेला. मी वाचलेली बरीचशी चांगली पुस्तकं मी शोधत असलेल्या पुस्तकाच्या शेजारी उभी होती. क्रेनला ‘त्याच्या बाजूचंही दे’ म्हणता येत नाही. दिलंच, तर तत्त्वज्ञानाला खेटून तेवढ्याच उंचीचं गुरांच्या पोटाच्या विकारांवरचं पुस्तक यायचं. (मी तेही वाचलं असतं म्हणा.)

आमच्याकडे क्रेन नाही. ग्रंथालय समिती आहे.

विषय होता वापरात नसलेली पुस्तकं बाद करण्याचा. सुरुवातीला पिट्सबर्ग विद्यापीठाच्या 1979 च्या अभ्यासाचा दाखला दिला गेला: 1969 मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे 40 टक्के पुढच्या 6 वर्षांत एकदाही कुणी नेली नव्हती. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मग यादी विभागाविभागांत फिरली. प्रत्येकाने आपल्या विषयासमोर ‘ठेवावे’ आणि दुसऱ्याच्या विषयासमोर ‘बाद’ लिहिलं. एका विद्वानाने सरसकट शेरा मारला, ‘इतर ग्रंथालयांत असेलच.’ नेमका त्याच वेळी त्या इतर ग्रंथालयांतही कुणीतरी हाच शेरा लिहीत असतो, म्हणून याची मला धास्ती वाटते. ब्रिटनने 2007 मध्ये ‘यूके रिसर्च रिझर्व्ह’ काढून हा ‘असेलच’ मोजायला घेतला: जुनी छापील नियतकालिकं काढून टाकण्याआधी देशात किमान 3 प्रती राहतील अशी खात्री, आणि त्यातली एक ब्रिटिश लायब्ररीत. आमच्या समितीचं ‘असेलच’वर भागलं.

मी विचारलं, “वापर म्हणजे काय?”

“इश्यू झालं की वापर, सर.”

म्हणजे कपाटाशी उभं राहून मी अर्धं पुस्तक संपवलं तरी वापर शून्य. उलट एखादा ऑनलाइन लेख उघडून, शीर्षक पाहून, दचकून बंद केला तरी वापर एक. ‘काउंटर’ नावाच्या मानकाचे यासाठी नियमच आहेत. एकाच दुव्यावर 30 सेकंदांत दोनदा टिचकी मारली तर ती एकच धरतात. कुठे कुठे तर तालिकेतलं न घेतलेलं ई-पुस्तक ठरावीक वेळ उघडं राहिलं की ग्रंथालयाच्या खात्यातून त्याची खरेदी आपोआप होते. वाचक ते उघडं ठेवून झोपला असला तरी.

आकड्यांशी आकड्यांनीच लढणारे लोकही असतात. फ्लोरिडातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकं बाद होऊ नयेत म्हणून कर्मचाऱ्यांनी चक्क एक काल्पनिक वाचक नोंदवला. त्या भल्या गृहस्थाने 2016 मध्ये 9 महिन्यांत 2,361 पुस्तकं नेली. प्रकरण उघडकीला आल्यावर चौकशी झाली, पण एवढा निष्ठावान वाचक कुठल्याही ग्रंथालयाला मिळाला नसेल.

मी काही काल्पनिक नाही, आणि माझ्याकडे ओळखपत्र आहे. बैठक संपल्यावर बाद पुस्तकांची ढकलगाडी देवघेव विभागाशी उभी होती. मिठाच्या करांचा इतिहास, कुठल्याशा खाडीच्या गाळाचा अहवाल, एक शब्दकोश ज्याचा फक्त दुसरा खंड शिल्लक होता. कार्डावर मावतील तेवढी उचलली आणि टेबलावर ठेवली.

मॅडमनी गाळाच्या अहवालाचं धूळभरलं पान उलटून माझ्याकडे पाहिलं.

“सर, हे तुम्ही वाचणार आहात?”

“तुम्ही मोजणार आहात ना?”

“मोजणार.”

“मग करा इश्यू.”